बाडस कोणत्या नदीचा?

मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली बागली तहसील नकाशावर नीट पाहावी. विंध्याचा कडा या तहसिलीतून जातो. बागलीजवळच्या डोंगरात कालीसिंध उगम पावते आणि उत्तरेकडे निघते. पुढे ती चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. कड्याच्या दक्षिण अंगावर पडलेला पाऊस मात्र ओढ्या-नाल्यांतून नर्मदेत उतरतो आणि भडोचजवळ अरबी समुद्र गाठतो. काही कोसांच्या अंतरावर पडलेल्या दोन सरींची तोंडे अशी दोन समुद्रांकडे वळतात. माणसाला हा कडा चढून उतरता येतो, पण माशाला येत नाही. नदीतला मासा हा त्या नदीच्या खोऱ्याचा कैदीही असतो आणि वारसदारही, आणि त्याच्या संवर्धनाचा सगळा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

नर्मदेचा असा वारसदार म्हणजे महाशीर. इथले कोळी आणि केवट त्याला बाडस म्हणतात. शास्त्रीय नाव टॉर टॉर. मोठे खवले, जाड ओठ, वाहत्या आणि स्वच्छ पाण्याची ओढ. मध्य प्रदेश सरकारने 2011 मध्ये त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. तोवर तो नर्मदेत दुर्मीळ झाला होता. 1960 च्या दशकात मध्य नर्मदेतल्या मासेमारीचे जे सर्वेक्षण झाले, त्यात पकडीतला एक चतुर्थांशाहून अधिक वाटा एकट्या या माशाचा होता. आज त्याच पट्ट्यात बाजारात बाडस दिसला तर लोक थांबून पाहतात.

असा मासा कमी झाला की पहिला उपाय सुचतो तो मत्स्यबीज तयार करून नदीत सोडण्याचा. पाटी लावून, पाहुण्यांच्या हस्ते बोटुकल्या सोडल्या जातात. हा उपाय कधी तारतो आणि कधी मारतो, हे समजायला माशाच्या आनुवंशिकतेकडे वळावे लागते. त्याचे सगळ्यात चांगले धडे सामन आणि ट्राउट या थंड पाण्याच्या माशांनी दिले आहेत.

सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्मलेल्या ओढ्यातच परत येतो. त्यामुळे एकाच जातीचे असूनही शेजारशेजारच्या ओढ्यांतले सामन पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वीण घालतात. एका ओढ्याचे मासे लवकर चढतात, दुसऱ्याचे उशिरा. काही थंड पाण्याला सरावलेले, काही जरा कोमट पाण्याला. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरात सॉकआय सामनच्या अशा शेकडो वंशशाखा आहेत. तिथल्या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून 2010 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की, हे सगळे मासे एकसारखे असते, तर मासे कमी आले म्हणून मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहापट वेळा आली असती. एका ओढ्याचे वर्ष वाईट गेले तर दुसरा सांभाळून घेतो. विविधता नदीचे पोट भरते, ती अशी.

आता हे मोजतात कसे, ते पाहू. माशाला मारावे लागत नाही. पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि मासा पाण्यात परत सोडतात. तुकड्यातून डीएनए वेगळा काढतात. त्यातला पेशीच्या मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे तो जुन्या वंशाची वाट दाखवतो: हा मासा कोणत्या खोऱ्यातल्या माशांच्या जवळचा, हे त्यावरून कळते. केंद्रकातल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा लिहिलेले असतात आणि त्यांची संख्या माशागणिक बदलते. अशा दहा-वीस जागा तपासल्या की या कळपात किती विविधता उरली आहे, दोन डोहांतल्या माशांची देवाणघेवाण चालू आहे की तुटली आहे, हे आकड्यांत सांगता येते. महाशीराच्या बाबतीत हे वाचन जरा अवघड जाते. त्याच्या कुळातल्या बहुतेक माशांना 50 गुणसूत्रे असतात, तर महाशीराला 100. कारण त्याच्या पूर्वजांत दोन जनुकसंचांचा मेळ झाला. सामनच्या पूर्वजांतही फार पूर्वी सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता. इतक्या वेगळ्या पाण्यांतल्या या दोन कुळांचे हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

विविधता कमी कशी होते? डोहात किती मासे दिसतात यापेक्षा पुढच्या पिढीचे आईबाप किती झाले, हे महत्त्वाचे असते. त्याचा एक साधा हिशेब आहे. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करावा, त्याला चारने गुणावे आणि एकूण संख्येने भागावे. दहा नर आणि दहा माद्या असतील तर उत्तर 20 येते. मत्स्यबीज केंद्रात एकच मोठी मादी हाती लागली आणि तिची अंडी दहा नरांच्या वीर्याने फळवली, तर डोकी अकरा असली तरी उत्तर 3.6 येते. या उत्तराला प्रभावी संख्या म्हणतात. ती 20 असेल तर एका पिढीत विविधतेतले अडीच टक्के गळतात. ती 3.6 असेल तर जवळजवळ 14 टक्के. त्या एका मादीच्या अंड्यांतून हजारो बोटुकल्या निघतात, समारंभात त्या भरपूर दिसतात, पण त्या सगळ्या एका आईच्या असतात. अशा भावंडांनी नदी भरली आणि पुढे त्यांच्यातच वीण झाली, तर जी थोडी जंगली कुटुंबे उरली होती त्यांचा आवाजही त्या गर्दीत बुडतो.

दुसरा धोका टाकीतल्या वाढीचा. टाकीत खाद्य वेळेवर मिळते, पूर नाही, शिकारी नाही. नदीत जे पिल्लू पहिल्याच महिन्यात गेले असते तेही तिथे जगते, आणि टाकीला योग्य असलेला स्वभाव पुढच्या पिढीत वाढत जातो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हूड नदीच्या स्टीलहेड ट्राउटवर झालेला अभ्यास 2007 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. बंदिस्त वाढीच्या दर पिढीमागे, नदीत सोडल्यावर पिल्ले मागे ठेवण्याची माशांची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटत होती. आकडा मोठा आहे, आणि तो मोजक्या पिढ्यांतच दिसला.

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या घरचे आहे. 1839 साली कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच टॉर खुद्री, दख्खनचा महाशीर. तो कमी होऊ लागला तेव्हा 1970 च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची कृत्रिम वीण यशस्वी केली. महाशीराला हाताने अंडी काढून वाढवता येते, हे तिथे सिद्ध झाले आणि हे काम खरोखर मोठे होते. तिथून बोटुकल्या देशभर गेल्या आणि कावेरीतही सोडल्या गेल्या.

कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर कुबड, केशरी पर आणि प्रचंड आकार. 1946 साली कबिनी नदीत गळाला लागलेला 120 पौंडांचा मासा याच जातीचा. जगभरचे शौकीन त्यासाठी येत, पण शास्त्राने त्याला नीट नावच दिले नव्हते. बाहेरून आलेला निळसर परांचा खुद्री तिथे जोमाने वाढला आणि केशरी पराचा मासा गळाला लागणे कमी कमी होत गेले. मासेमारी शिबिरांत पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या, म्हणून ही घसरण उशिरा का होईना, लक्षात आली. 2018 मध्ये डीएनए आणि शरीररचना जुळवून ठरले की हा मासा म्हणजे टॉर रेमादेवी. ही जात त्याआधीच केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून वर्णिली गेली होती. 2018 मध्येच आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. कावेरीत धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हे सगळे होतेच. पण महाशीर वाढावा म्हणून प्रामाणिकपणे सोडलेला दुसरा महाशीर त्या संकटात भर घालून गेला. 'महाशीर' या एका शब्दाखाली सगळे मासे एक मानले, तिथे चूक झाली.

आता पुन्हा नर्मदेकडे येऊ. महाशीर पावसाळ्यात आणि त्यानंतर, थोड्या थोड्या खेपांत, खळखळत्या पाण्यातल्या गोट्यांवर अंडी घालतो. स्वच्छ गोटे, प्राणवायू भरलेले पाणी आणि न थांबणारा प्रवाह, या तिन्ही गोष्टी त्याला लागतात. बागली तहसिलीची दक्षिण हद्द असलेल्या नर्मदेवर वरच्या अंगाला पुनासाजवळ इंदिरासागर आहे, खालच्या अंगाला ओंकारेश्वर. याच काठावरच्या धाराजी गावाचा जो खडकाळ पट्टा बाणलिंगांसाठी प्रसिद्ध होता, तो ओंकारेश्वरच्या जलाशयात गेला. वरच्या धरणातून एकाएकी सुटणारे पाणी काय करते, हे या गावाने एप्रिल 2005 मध्ये पाहिले आहे. अमावस्येच्या स्नानाला आलेले कित्येक भाविक तेव्हा वाहून गेले. माणसांच्या त्या दुःखाशी कशाची तुलना नाही. पण वीजनिर्मितीसाठी पाण्याची पातळी वरखाली होते तेव्हा गोट्यांवरची अंडी कधी उघडी पडतात, कधी वाहून जातात, हेही त्याच प्रवाहाचे काम आहे.

दोन भिंतींमध्ये अडकलेल्या माशांचे पुढे काय होते, याचे उत्तर वरच्या हिशेबात आहे. कळप लहान, बाहेरून कोणी येत नाही, दर पिढीला विविधता गळते. आनुवंशिकीचा एक जुना नियम सांगतो की पिढीमागे एखाद-दुसरा पाहुणा येऊन त्याची वीण झाली तरी ही गळती बरीचशी थोपते. म्हणून धरणाच्या वरचे काही पूर्ण वाढलेले मासे खाली आणि खालचे वर नेणे हा उपाय विचार करण्यासारखा आहे. हे मासे एकाच नदीचे आहेत, भिंत येण्याआधी ते स्वतःच ये-जा करत होते. हीच टँकरची फेरी लोणावळ्याहून, हिमालयातून किंवा कड्यापलीकडच्या खोऱ्यातून निघाली तर मात्र ते औषध राहत नाही. टॉर टॉर हे नाव निसर्गशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1822 मध्ये महानंदेच्या, म्हणजे गंगेच्या खोऱ्यातल्या माशावरून दिले. तेच नाव नर्मदेतल्या माशालाही लावले जाते, पण एवढ्यावरून दोन्हीकडचे मासे अदलाबदल करण्याजोगे ठरत नाहीत. नाव एक असले तरी खोरी वेगळी आहेत.

आणि उपनद्या. मोठ्या धरणांच्या काळात बाडसाला वाहते पाणी उरले आहे ते मुख्यतः चोरलसारख्या, विंध्यातून उतरणाऱ्या छोट्या नद्यांत. बडवाह वनविभागाने महाशीराच्या विणीसाठी प्रयत्न केले, ते याच परिसरात. माझ्या मते पैसा आणि पहारा यांची पहिली गरज इथे आहे: विणीच्या महिन्यांत जाळे बंद, वाळू-गोट्यांचा उपसा बंद, विषारी भुकटी आणि सुरुंग यांवर कडक कारवाई. मत्स्यबीज केंद्र हवेच असेल तर प्रजनक मासे त्याच खोऱ्यातले, दर वर्षी नवे, नर-माद्यांची संख्या सारखी, प्रत्येक जोडीची अंडी वेगळी आणि सोडण्याआधी पराचा तुकडा तपासलेला. लखनौला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे; अशा तपासणीचे ज्ञान देशात उपलब्ध आहे. महाराष्ट्रात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. अशी राखण अमोल आहे, मात्र एकाच डोहातला कळप फार लहान असतो; खालीवर नदी मोकळी राहिली तरच तो टिकेल.

महाराष्ट्रातून नर्मदेच्या परिक्रमेला जाणारे हजारो लोक उत्तर तटाने चालताना याच परिसरातून जातात. त्यांना आणि देवास-धार-इंदूरच्या मराठी घरांना माझी विनंती आहे. पुण्य म्हणून बाजारातून विकत आणलेले मासे नर्मदेत सोडू नका. आणि कुठे महाशीराच्या बोटुकल्या सोडण्याचा कार्यक्रम असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारा: यांचे आईबाप कोणत्या नदीचे, आणि ते किती होते?