उपवासकाळ (ख्रिस्ती)

उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ हा ख्रिस्ती उपासना-वर्षातील पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा चाळीस दिवसांचा काळ होय. येशू ख्रिस्ताचे दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांच्या स्मरणासाठी श्रद्धावंतांनी अंतःकरणाची तयारी करावी, हा त्याचा हेतू आहे. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे मानली जातात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व लूथरन मंडळ्यांत हा काळ विशेषत्वाने पाळला जातो.

नाव

लॅटिन भाषेतील या काळाच्या नावाचा अर्थ ‘चाळिसावा’ असा आहे. त्यावरून पोर्तुगीजमार्फत कोकणीत ‘कोरेज्म’ हा शब्द आला. ‘लेंट’ या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ वसंत ऋतू असा आहे. मराठीतील ‘उपवास’ या शब्दाची फोड ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे अशी केली जाते. देवाच्या सान्निध्यात राहणे हा तिचा आशय ख्रिस्ती विचाराशीही सुसंगत आहे.

कालगणना

पाश्चात्त्य परंपरेत उपवासकाळाचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. या दिवसापासून पुनरुत्थान रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने मधले सहा रविवार वगळून ४० ही संख्या येते. कॅथलिक उपासनाविधीनुसार मात्र पवित्र गुरुवारच्या सायंकाळीच हा काळ संपतो. पुनरुत्थानाचा सण २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील पहिल्या रविवारी येतो. ही पौर्णिमा चर्चच्या गणितानुसार ठरते. त्यामुळे राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या दरम्यान केव्हाही येऊ शकतो.

चाळीस या संख्येला बायबलमध्ये मोठा संदर्भ आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, इस्राएली लोक चाळीस वर्षे रानात भटकले आणि येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला. या तिन्ही प्रसंगांत जुन्या आयुष्याकडून नव्या कार्याकडे जाण्याची तयारी दिसते.

इतिहास

इ. स. ३२५ मधील निकिया येथील धर्मपरिषदेच्या पाचव्या नियमात या चाळीस दिवसांचा उल्लेख आढळतो. प्रारंभीच्या शतकांत बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांच्या शिक्षणाचा आणि गंभीर पापांबद्दल जाहीर प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या साधनेचा हा काळ होता. पुढे संपूर्ण मंडळीच त्यात सहभागी होऊ लागली.

धर्मसुधारणेच्या काळात सक्तीच्या उपवासाला विरोध झाला. १५२२ मध्ये झुरिक येथे एका मुद्रकाच्या घरी उपवासकाळात मांस खाल्ले गेले, तेव्हा उल्रिख झ्विंग्ली यांनी अन्नाविषयीच्या ख्रिस्ती स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात या काळाचे बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त हे दोन पैलू पुन्हा ठळक केले. प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक नसावे, ते बाह्य व सामाजिकही असावे, असेही त्यात सांगितले आहे.

उपवासाचे नियम

मराठी वाचकाला परिचित असलेल्या एकादशीच्या उपवासात कोणते पदार्थ चालतात याला महत्त्व असते. कॅथलिक उपवासाचा नियम मुख्यतः अन्नाच्या प्रमाणाशी निगडित आहे: दिवसातून एकच पूर्ण जेवण घ्यावयाचे आणि सकाळ-सायंकाळी थोडेसे खाण्यास मुभा असते. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार असा उपवास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या व्यक्तींना बंधनकारक आहे. मांसवर्जन हा वेगळा नियम असून तो १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. आजारी व्यक्तींना आणि कष्टाचे शारीरिक काम करणाऱ्यांना उपवासातून सवलत देण्याची परंपरा आहे. बिशपांच्या परिषदेला मांसवर्जनाऐवजी अन्य अन्न वर्ज्य ठरवण्याचा किंवा दानधर्म व भक्तिकृत्ये यांचा पर्याय देण्याचा अधिकार आहे.

आध्यात्मिक वाढीविषयीचे चिंतन

राखेच्या बुधवारी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील उतारा वाचला जातो. दान, प्रार्थना व उपवास लोकांना दिसावेत म्हणून करू नयेत, अशी येशूची शिकवण त्यात आहे. त्याच दिवशी भक्तांच्या कपाळावर सर्वांना दिसेल अशी राख लावली जाते. ही राख सामान्यतः मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून तयार करतात. दृश्य चिन्ह आणि गुप्त साधना यांच्यातील हा ताण संपूर्ण उपवासकाळात जाणवतो.

अरण्यातील येशूच्या तीन मोहांचा अर्थ भूक, प्रसिद्धी आणि सत्ता यांचे आकर्षण असा लावला जातो. उपवासाने पहिल्या मोहाची, गुप्त दानाने दुसऱ्याची आणि प्रार्थनेतील शरणागतीने तिसऱ्याची ओळख पटते, अशी मांडणी करता येते. इ. स. ३८७ मध्ये अंत्युखिया येथे उपवासकाळात दिलेल्या प्रवचनांत योहान क्रिसोस्तोम यांनी डोळे, कान, हात आणि जीभ यांनीही उपवास करावा असे सांगितले. मांस सोडून परनिंदेने बंधूंचे लचके तोडणाऱ्याचा उपवास त्यांनी निरर्थक ठरवला. पाचव्या शतकातील पोप लिओ पहिले यांच्या प्रवचनांत, उपवासामुळे वाचलेले अन्न गरिबांच्या वाट्याला जावे, हा विचार वारंवार येतो.

यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायातील विचार याहून कठोर आहे. उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेणाऱ्यांना तेथे दोष दिला असून, अन्यायाची बंधने तोडणे आणि भुकेल्याला आपल्या अन्नात वाटा देणे हाच खरा उपवास म्हटला आहे.

कोकण किनारपट्टीवरील संदर्भ

मांसवर्जनाच्या नियमात मासे वर्ज्य नाहीत. ज्या समाजात मांस हे मेजवानीचे अन्न होते, तेथे या नियमाने साधेपणा येत असे. कोकणात मात्र मासळी हे रोजचेच, आणि पुष्कळदा सर्वांत आवडीचे, अन्न आहे. उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत येतो, तर पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. म्हणून रत्नागिरीतील मिरकरवाडा बंदरात या दिवसांत मासळी उतरत असते. मटण सोडून सुरमई किंवा कोळंबी खाणाऱ्याने नियमाचे शब्द पाळलेले असतात, पण त्यामुळे काही सोडल्याचा अनुभव त्याला येतोच असे नाही. आपल्याला खरोखर प्रिय असलेली गोष्ट कोणती, हे प्रत्येकाला स्वतः शोधावे लागते. यशयाचा निकष लावल्यास हा प्रश्न ताटापुरताही उरत नाही. खलाशाला मिळणारा वाटा आणि मासळी निवडणाऱ्या बाईची मजुरीही उपवासाच्या कक्षेत येते.

मिरकरवाड्यात मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. रमजानचा महिना चांद्र कालगणनेनुसार दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो, त्यामुळे काही वर्षी तो ख्रिस्ती उपवासकाळाशी जुळतो. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्च रोजी होता आणि त्याच सुमारास भारतात रमजान सुरू झाला होता. दोन्ही धर्मांचे नियम भिन्न असले, तरी संयमाला प्रार्थना व दानाची जोड देणे दोहोंत समान आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराण’ या १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम मुद्रित झालेल्या ओवीबद्ध ग्रंथात ख्रिस्ताचे दुःखसहन मराठीत विस्ताराने आले आहे. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व भजनांच्या वळणाने ख्रिस्तभक्ती मांडली. त्यांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल अशा भिन्न परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या.

कॅथलिक चर्चमध्ये शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही चौदा टप्प्यांची भक्ती करण्याचा प्रघात आहे. गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते.

समाप्ती

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत नवख्रिस्ती बाप्तिस्मा घेतात आणि इतर श्रद्धावंत हाती पेटती मेणबत्ती घेऊन आपल्या बाप्तिस्म्याच्या प्रतिज्ञांचा पुनरुच्चार करतात. वाईटाचा त्याग आणि देवावरील विश्वास यांविषयीचे प्रश्न त्या वेळी विचारले जातात व प्रत्येकाने त्यांना स्वतः उत्तर द्यावयाचे असते. उपवासकाळातील चाळीस दिवसांची साधना ही या उत्तराची पूर्वतयारी होय.