तेरापैकी तेरा, तरीही बाहेर

3 डिसेंबर 2023, रविवार. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने हंगामातले तेराच्या तेरा सामने जिंकले होते. आदल्याच रात्री लुईव्हिलला 16-6 असं हरवून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या आपल्या गटाचं, विजेतेपदही त्यांनी मिळवलं होतं. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत जागा होत्या चार. दुपारी टीव्हीवर चार नावं जाहीर झाली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा. यातला अलाबामा सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर टेक्ससकडून हरला होता. एकदाही न हरलेला फ्लोरिडा स्टेट पाचवा आला आणि बाहेर राहिला. आक्रमण चालवणारा त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये पायाला दुखापत होऊन हंगामाला मुकला होता, आणि त्याच्याशिवाय हा संघ पहिल्या चारांत बसण्याइतका भक्कम नाही, असं निवड समितीचं मत पडलं.

म्हणजे संघाने काय केलं यापेक्षा पुढे काय करू शकेल, या अंदाजाला जास्त वजन मिळालं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा वाद जवळजवळ नव्वद वर्षं चालू आहे.

ओहायो स्टेट, मिशिगन, पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम ही नावं मराठी घरांत ऐकू येतात ती मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने. त्या गावांत मात्र शरद ऋतूतला शनिवार फुटबॉलचा असतो. लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा, अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. शरीराची इतकी झीज होते की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळता येत नाही. म्हणून नियमित हंगाम 12 सामन्यांचा. सर्वोच्च गटात 2024 साली 134 विद्यापीठं होती. त्यांतल्या बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. रणजी करंडकात गट ठरलेले असतात, गुण ठरलेले असतात, पुढे कोण जाणार हे तक्त्यावरून कळतं. इथे असा एक तक्ता कधीच नव्हता.

कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए. तिने दुसऱ्या स्तरावरच्या फुटबॉलसाठी 1978 पासून बाद फेरी घेतली, पण सर्वोच्च स्तराचं विजेतेपद ती स्वतः देत नाही. याचं मूळ बाऊल सामन्यांत, म्हणजे हंगामाच्या शेवटी निमंत्रित संघांत होणाऱ्या सामन्यांत आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथला रोझ बाऊल पहिल्यांदा 1902 मध्ये झाला आणि 1916 पासून दर वर्षी होत आला. पुढे शुगर, ऑरेंज, कॉटन हे बाऊल आले. एकेका बाऊलने ठरावीक कॉन्फरन्सशी करार केले. त्यामुळे देशातले पहिले दोन संघ वर्षाच्या शेवटी समोरासमोर येतीलच याची खात्री राहिली नाही.

मग विजेता ठरवायचा कसा? मतदानाने. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 1936 मध्ये पत्रकारांची साप्ताहिक क्रमवारी सुरू केली आणि पहिलं विजेतेपद मिनेसोटाला मिळालं. 1950 पासून प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी निघू लागली. दोन्हींचं शेवटचं मतदान पुष्कळ वर्षं बाऊल सामन्यांच्या आधीच उरकलं जाई. 1964 मध्ये अलाबामाला विजेता म्हणून निवडलं आणि नंतर तो ऑरेंज बाऊलमध्ये टेक्ससकडून हरला. 1973 मध्ये प्रशिक्षकांच्या यादीत पुन्हा अलाबामाच विजेता होता, आणि शुगर बाऊलमध्ये तो नोत्र दामकडून एका गुणाने हरला. त्यानंतर प्रशिक्षकांनी आपलं मतदान बाऊलनंतर घ्यायला सुरुवात केली. तरीही 1990, 1991 आणि 1997 या वर्षी दोन याद्यांनी दोन वेगळे विजेते दिले.

1998 मध्ये बीसीएस ही व्यवस्था आली. मतदान आणि संगणक यांची सरासरी काढून पहिले दोन संघ ठरवायचे आणि त्यांचा अंतिम सामना लावायचा. संगणक म्हणजे निरनिराळ्या जाणकारांनी रचलेली गणितं; पुढे त्यांची संख्या सहावर स्थिरावली. त्यांतलं एकच संपूर्ण जाहीर होतं, वेस्ली कॉली या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाचं. मला ते फार आवडतं, कारण कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही ते तपासता येतं.

कॉलीने लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा जुना नियम घेतला. विजयांत एक मिळवा, सामन्यांत दोन मिळवा आणि भागाकार करा. एकही सामना झालेला नसताना प्रत्येकाची किंमत 1/2 येते: हार्वर्ड काय नि अलाबामा काय, सगळे सारखे. पहिला सामना जिंकला की 2/3, हरला की 1/3. बाराच्या बारा जिंकले तर 13/14. त्यानंतरची पायरी महत्त्वाची. प्रतिस्पर्ध्यांची किंमत 1/2 पेक्षा जास्त असेल तर तुमची किंमत वाढते, कमी असेल तर घटते. पण प्रतिस्पर्ध्यांची किंमत त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, आणि त्यांची आणखी पुढच्यांवर. म्हणून जितके संघ तितकी समीकरणं मांडून ती सगळी एकदम सोडवायची. किती गुणांनी जिंकलात, गेल्या वर्षी कोण होतात, तुमचं नाव किती मोठं, यातलं काहीही त्यात शिरत नाही.

बाकीची पाच गणितं कमीअधिक बंद पेटीत होती. गणित उघड असण्याचा उपयोग काय, ते 2010 मध्ये दिसलं. कॉलीच्याच गणितात खालच्या स्तरावरचा एक सामना, वेस्टर्न इलिनॉय विरुद्ध ॲपलॅचियन स्टेट, भरायचा राहून गेला. तेवढ्याने अंतिम यादीत लुइझियाना स्टेट दहावा आणि बॉइसी स्टेट अकरावा लागला. खरा क्रम नेमका उलटा होता. बाहेरच्या एका अभ्यासकाने चूक दाखवून दिल्यावर यादी सुधारली. दहावं-अकरावं स्थान होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावर असं झालं असतं, तर भलताच संघ अंतिम सामना खेळला असता.

बीसीएसचं खरं दुखणं मात्र जागांचं होतं. 2003 मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया अंतिम सामन्यात पोचला नाही. पोचला ओक्लाहोमा, जो स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात 35-7 असा हरला होता. पुढच्या वर्षी न हरलेला ऑबर्न बाहेर राहिला. असोसिएटेड प्रेसने वैतागून आपली क्रमवारी या हिशेबातून काढून घेतली.

आता कॉन्फरन्सची क्रमवारी. ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स सगळ्यांत भारी’ हे वाक्य तिकडे येता-जाता ऐकू येतं. पण कॉन्फरन्स अंतर्गत सामन्यात एक जिंकला की दुसरा हरतोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते आपसात कितीही लढले तरी कॉन्फरन्सच्या एकूण खात्यात जमा आणि खर्च सारखाच. तिची इतरांशी तुलना करायला पुरावा उरतो तो मुख्यतः सप्टेंबरमधल्या मोजक्या बाहेरच्या सामन्यांचा, आणि त्यातलेही बरेचसे दुबळ्या संघांविरुद्ध ठेवलेले. शिवाय साउथईस्टर्नचे संघ 2025 पर्यंत आपसात आठच सामने खेळत, बिग टेनचे नऊ. सोळा संघांच्या कॉन्फरन्समध्ये नववा सामना वाढवला की आठ पराभव नक्की वाढतात. तो न वाढवल्याने साउथईस्टर्नच्या संघांचे आकडे दर वर्षी जरा उजळच दिसत आले.

त्यात भर म्हणजे, पत्रकारांची पहिली यादी ऑगस्टमध्ये, एकही चेंडू खेळला जाण्याआधी निघते. ज्या कॉन्फरन्सचे पाच-सहा संघ तिथे आधीच वर असतात, त्यांच्यात कोणी जिंकला तर तो ‘मोठा विजय’ आणि कोणी हरला तर तो ‘तगड्या संघाकडून पराभव’. संघ वर का, तर कॉन्फरन्स तगडी. कॉन्फरन्स तगडी का, तर संघ वर. हे वर्तुळ बाहेरून कोणाला भेदता येत नाही.

2014 पासून बीसीएसच्या जागी चार संघांची बाद फेरी आली आणि निवड तेरा जणांच्या समितीकडे गेली. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन इथल्या एका हॉटेलात त्यांची बैठक भरते. माजी प्रशिक्षक, विद्यापीठांचे क्रीडासंचालक. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइसही होत्या. ज्याच्या विद्यापीठाची चर्चा चालू असेल त्याने खोलीबाहेर जायचं. थोडे थोडे संघ विचारात घ्यायचे, गुप्त मतदानाने क्रम लावायचा, वरचे यादीत घालायचे आणि उरलेल्यांत नवे मिसळून पुन्हा मत द्यायचं. पद्धत काळजीपूर्वक बांधलेली आहे, तिची मी कदर करतो. पण पहिल्याच वर्षी टेक्सस ख्रिश्चन हा संघ तिसऱ्या क्रमांकावर असताना शेवटचा सामना 55-3 असा जिंकला आणि सहावर घसरला. त्याच दिवशी ओहायो स्टेटने बिग टेनचा अंतिम सामना 59-0 असा जिंकून चौथी जागा पटकावली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. टेक्सस ख्रिश्चनच्या बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सला तेव्हा अंतिम सामनाच नव्हता. त्याची किंमत टेक्सस ख्रिश्चनने मोजली.

2017 मध्ये सेंट्रल फ्लोरिडा एकही सामना हरला नाही. छोट्या कॉन्फरन्सचा म्हणून समितीने त्याला बारावा ठेवला. पीच बाऊलमध्ये त्याने ऑबर्नला 34-27 असं हरवलं. हा तोच ऑबर्न, ज्याने त्या हंगामात जॉर्जिया आणि अलाबामा या दोन्ही अंतिम सामनेवाल्यांना हरवलं होतं. कॉलीच्या गणितात त्या वर्षी सेंट्रल फ्लोरिडा पहिला आला, आणि एनसीएएच्या विक्रमपुस्तकात 2017 च्या नोंदीत अलाबामासोबत त्याचंही नाव आहे.

2024 मध्ये बाद फेरी बारा संघांची झाली. सगळ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांतले क्रमवारीत वरचे पाच थेट आत, बाकी सात समितीच्या पसंतीने. समितीच्या यादीत ओहायो स्टेट सहावा होता. जुन्या व्यवस्थेत तो घरी बसला असता. घरच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10 असा हरूनही जानेवारी 2025 मध्ये नोत्र दामला 34-23 असं हरवून तो विजेता झाला. वरच्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीत सूट होती. त्यातला बारावा मानला गेलेला ॲरिझोना स्टेट तिसऱ्या क्रमांकाच्या टेक्ससशी दोन जादा डाव झुंजून हरला. त्याला आत यायला नको होतं, असं तो सामना पाहिलेला कोणी म्हणेल असं मला वाटत नाही.

आता पैशाचं बोलायला हवं. 1984 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टीव्ही प्रक्षेपणावरचा एनसीएएचा ताबा गेला आणि करार कॉन्फरन्सच्या हाती आले. ज्यांचे करार मोठे, त्यांच्याकडे संघ ओढले गेले. 2024 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅक-ट्वेल्व्हमधून बारापैकी दहा विद्यापीठं बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. मग बिग टेनकडून प्रस्ताव पुढे आला: बाद फेरी वाढवा आणि त्यात बिग टेन व साउथईस्टर्नला चार-चार जागा आधीच द्या, अटलांटिक कोस्ट व बिग ट्वेल्व्हला दोन-दोन, उरलेल्या सगळ्यांना मिळून एक.

हा प्रस्ताव मान्य होता कामा नये. कॉन्फरन्स किती तगडी, याचा पुरावा किती तुटपुंजा असतो ते वर पाहिलं. त्यावर कायमच्या जागा वाटणं म्हणजे ऑगस्टमधला अंदाज करारात लिहून ठेवणं. विजेत्यांच्या पाच जागा मात्र टिकल्याच पाहिजेत, कारण हंगाम सुरू होताना कोणत्याही लहान विद्यापीठाला ‘एवढं जिंकलंस की तू आत’ असं सांगता येतं ते फक्त त्यांच्यामुळे. उरलेल्या जागा समितीनेच भराव्यात, आणि तेराही सदस्यांनी कोणाला कोणतं स्थान दिलं ते नावासकट जाहीर करावं.