उतरण्याची विद्या

आकाशांतील विमान पाहून आपण वैमानिकाच्या धैर्याची वाखाणणी करतों. परंतु त्याची खरी परीक्षा भूमीशीं पुन्हां गांठ पडते तेव्हां होते. ज्या विमानांचें तिसरें चाक नाकाखालीं नसून शेपटाखालीं असतें, त्यांविषयीं तर हें विशेषच खरें आहे.

अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागें असतो. विमान जरा तिरकें टेकलें, कीं मागील भार पुढें धांवूं पाहतो आणि विमान गर्रकन् फिरतें. प्रसंगीं पंखही जमिनीस घांसतो. नाकाखालीं चाक असलेल्या विमानास हाच भार सरळ करतो; येथें तो वैरी होतो.

उतरण्याच्या रीती दोन. पहिलींत पुढचीं दोन चाकें व शेपूट एकदमच टेकतात. १९३१ सालीं प्रथम उडालेल्या 'टायगर मॉथ' ह्या शिकाऊ विमानाची ही नित्याची रीत. भूमीलगत येऊन वेग ओसरूं द्यावयाचा व दांडा हळूहळू मागें ओढीत राहावयाचें. पंखांची उचल संपतां संपतां विमान बसतें. वेग अल्प, म्हणून धांवही थोडी. मात्र नाक वर असल्यानें समोरचें दिसत नाहीं. दृष्टि बाजूंकडे ठेवावी लागते.

दुसरी रीत 'डाकोटा'सारख्या मोठ्या विमानांची. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरास शीख पलटण घेऊन उतरलीं, तीं विमानें ह्याच जातीचीं. शेपूट वर ठेवून किंचित् अधिक वेगानें केवळ मुख्य चाकें टेकवावयाचीं, आणि टेकतांच दांडा थोडा पुढें करावयाचा. ह्या वेगांत सुकाणूची पकड राहते, म्हणून आडव्या वाऱ्यांत पुष्कळांस हीच रीत बरी वाटते. परंतु विमान आपटलें, तर शेपूट खालीं जातें, पंखांचा कोन वाढतो व विमान पुन्हां उसळतें. अशा वेळीं त्यास बळेंच खालीं दाबणें म्हणजे अनर्थास आमंत्रण. इंजिनाची शक्ति वाढवून पुन्हां वर जावें, एक फेरी घालावी व नव्यानें यावें, हेंच शहाणपण.

आम्हांस ह्यांतील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चुकलेलें उदाहरण दामटून पुरें करणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. पाटी पुसून पहिल्यापासून मांडणारे थोडे. वर्गांत त्या हट्टाची किंमत कांहीं गुण असते. येथें ती प्राणांची असते.

आणि विमान टेकलें म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. तें पुरतें थांबेपर्यंत वैमानिकाचे पाय सुकाणूवर जागे असावे लागतात. दुरुस्त होऊन २०१८ सालीं वायुदलास मिळालेल्या एका जुन्या डाकोटाचें नांव 'परशुराम' आहे. एवढ्या प्रतापी नांवाच्या विमानासही ह्या नियमांतून सुटका नाहीं!