विवरणपत्र : ‘किती दाखवायचे?’ नव्हे, ‘किती झाले?’

आयकराचे विवरणपत्र भरायला गेलेल्या दुकानदाराला एजंटाच्या टेबलापाशी बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : “यंदा किती दाखवायचे?” दुकानदारही फारसा विचार न करता सांगतो, “गेल्या वर्षाइतकेच टाका, थोडे वाढवून.” मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला जातो, पाच मिनिटांत काम उरकते, पावतीचा कागद घडी होऊन गल्ल्यात जातो. वर्षभर तो कुणी उलगडून पाहत नाही.

खरे तर हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते ‘वर्षभरात किती झाले?’ या दोन प्रश्नांतला फरक केवढा महाग पडू शकतो, ते उदाहरणाने पाहू.

एका कारागिराचा हिशेब

समजा, एका तालुक्याच्या गावी फर्निचरचे काम करणारे एक भाई आहेत. वय ४२. घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. हाताखाली तीन कारागीर. वर्षाची उलाढाल ३६ लाख रुपये. त्यांपैकी २४ लाख बँकेतून, म्हणजे चेक आणि यूपीआयने आले. १२ लाख रोख आले. लाकूड, प्लाय, खिळे-बिजागऱ्या, पॉलिश, कारागिरांची मजुरी, दुकानाचे भाडे, वीज असा सगळा खर्च २९ लाख ४० हजार. हाती राहिले ६ लाख ६० हजार रुपये.

लहान व्यावसायिकांसाठी कायद्यात अंदाजित नफ्याची सोय आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ४४एडीमध्ये होती आणि सर्व जण तिला त्याच नावाने ओळखतात. बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरला की सविस्तर हिशेबवह्या व लेखापरीक्षणाची सक्ती राहत नाही. या भाईंच्या बाबतीत २४ लाखांवर ६ टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार, १२ लाखांवर ८ टक्के म्हणजे ९६ हजार. एकूण २ लाख ४० हजार. एजंट हाच आकडा टाकतो आणि “कर लागत नाही, काळजी नको” असे सांगून मोकळा होतो.

पण ६ आणि ८ टक्के हा कमीत कमी आकडा आहे. त्याहून जास्त नफा झाला असेल तर जास्त दाखवावा, असेच त्या तरतुदीत अपेक्षित आहे. भाईंना झाले ६ लाख ६० हजार, कागदावर राहिले २ लाख ४० हजार.

कागद बोलतो तेव्हा

आता समजा, हे भाई माल पोचवून परत येताना रस्त्यावरच्या अपघातात अल्लाला प्यारे झाले. कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागितली. तिथे सर्वांत आधी पाहिले जाते ते मृताचे उत्पन्न. न्यायालय इतर पुरावाही पाहते. परंतु मृताने स्वतः भरलेले विवरणपत्र हा फार वजनदार पुरावा मानला जातो आणि विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाईची रीत घालून दिली आहे. ४० ते ५० वयाच्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढ म्हणून २५ टक्के मिळवायचे. घरात चार ते सहा अवलंबून असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे. ४१ ते ४५ या वयोगटासाठी उरलेल्या रकमेला १४ ने गुणायचे.

२ लाख ४० हजारांवर हा हिशेब केला तर ३१ लाख ५० हजार रुपये येतात. ६ लाख ६० हजारांवर केला तर ८६ लाख ६२ हजार ५०० रुपये येतात. फरक ५५ लाखांहून अधिक! हा फरक विधवेच्या आणि यतीम मुलांच्या तोंडचा घास आहे. पाच मिनिटांत टाकलेल्या एका आकड्याने तो गेला.

मुलाला परदेशी शिकायला पाठवताना, दुकानाचा गाळा घेताना, सरकारी टेंडर भरताना हाच कागद मागितला जातो. त्या वेळी “खरे उत्पन्न यापेक्षा जास्त आहे हो” असे म्हणून भागत नाही.

वाचवला तरी काय?

कर वाचावा म्हणून उत्पन्न कमी दाखवले, असे म्हणावे तर कर वाचला किती? २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के असे दर आहेत; आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. (जमीन किंवा शेअर विकून झालेल्या नफ्याचे नियम वेगळे आहेत.) भाईंच्या ६ लाख ६० हजारांवर कर येतो १३ हजार आणि तो सगळा सुटीत जातो. त्याआधीच्या २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांतही नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत कर शून्यच होता.

म्हणजे एक रुपयाही न वाचवता कुटुंबाची पत घालवली. अडीच लाखांच्या आत आकडा बसवण्याची सवय जुन्या काळची आहे. तो काळ गेला, सवय मात्र राहिली.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर शून्य झाला म्हणून विवरणपत्र टळत नाही. नव्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखांवर गेले की ते भरलेच पाहिजे. उत्पन्न कमी असले तरी धंद्याची उलाढाल ६० लाखांहून अधिक असेल, वर्षाचे वीजबिल १ लाखावर गेले असेल किंवा २५ हजार वा अधिक टीडीएस कापला गेला असेल, तरीही भरावे लागते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्या बंधूंनी विजेची अट विसरू नये. मजुरीवर कापड विणणाऱ्याची उलाढाल म्हणजे त्याची मजुरी. सुताची किंमत त्यात धरायची नाही. मजुरीतून व्यापाऱ्याने टीडीएस कापला असेल, तर तो परत मिळण्याचा रस्ता विवरणपत्रातूनच जातो.

तयारी कशी करावी

पहिले काम कागद गोळा करण्याचे. १ एप्रिल ते ३१ मार्चचे सर्व बँक खात्यांचे उतारे, विक्रीची वही, खरेदीची बिले, मजुरीची वही, भाडेपावत्या, वीजबिले, जीएसटी असेल तर त्याची विवरणपत्रे. ३१ मार्चच्या संध्याकाळी दुकानात शिल्लक माल किती, लोकांकडून येणे किती, आपण देणे किती, रोकड किती, हे चार आकडे लिहून ठेवावेत. अंदाजित नफ्याच्या फॉर्ममध्येही ते विचारले जातात.

दुसरे काम, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून आपले वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, आणि फॉर्म २६एएस काढून घेण्याचे. बँकेत भरलेली मोठी रोकड, बँकेचे व्याज, कापलेला टीडीएस, जीएसटीतली उलाढाल, सारे त्यात असते. आपली वही आणि हे पत्रक शेजारी ठेवून वाचावे. जीएसटीत ३६ लाख आणि आयकरात २५ लाख असे झाले तर नोटीस आलीच म्हणून समजा.

तिसरे काम बेरजेचे. बँकेतून आलेली विक्री वेगळी, रोख विक्री वेगळी. रोख विक्रीचे पैसे नंतर बँकेत भरले म्हणून ती ६ टक्क्यांत जात नाही. ती रोखच राहते. घरखर्चाला गल्ल्यातून काढलेले पैसे धंद्याचा खर्च नव्हेत. क्यूआर कोड भावाच्या किंवा मुलाच्या खात्याचा लावला असेल तर तो आजच बदलावा, नाही तर विक्री एकाची आणि जमा दुसऱ्याच्या नावावर असा गोंधळ होतो.

चौथे काम फॉर्म निवडण्याचे. अंदाजित नफ्याची सोय २ कोटी उलाढालीपर्यंत आहे. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असणाऱ्यांसाठी आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’ हा फॉर्म. कमिशनवर चालणाऱ्या धंद्यांना ही सोय नाही. म्हणून बाजार समितीतल्या अडत्यांनी आयटीआर-३ भरावा. आणखी एक अट : ही सोय एकदा घेतली आणि पुढील पाच वर्षांत कधी सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे ती पुन्हा मिळत नाही. तेव्हा दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारू नयेत.

शेवटचे काम पडताळणीचे. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा अन्य मार्गाने त्याची पडताळणी न केल्यास ते भरलेच नाही असे धरले जाते. मुदतीची तारीख दरवर्षी पाहून घ्यावी. २०२५ साली ती ३१ जुलैवरून वाढत १६ सप्टेंबरवर गेली होती. मुदत चुकली तर ५ हजार, आणि उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार रुपयांपर्यंत शुल्क पडते. ज्यांना १० हजार किंवा अधिक कर येतो त्यांनी, अंदाजित नफ्याची सोय घेतली असल्यास, सगळा कर १५ मार्चपर्यंत आगाऊ भरावा.

आपल्याकडचे तीन प्रश्न

आपल्या बांधवांकडून तीन गोष्टी हमखास विचारल्या जातात.

पहिली, बँकेचे व्याज. बरेच बंधू बचत खात्यावरील व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, गरजूंना देऊन टाकतात. परंतु आयकराच्या दृष्टीने खात्यात जमा झालेले व्याज हे उत्पन्नच. पुढे त्याचे काय केले हे पाहिले जात नाही. ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवावे. चालू खात्यावर सहसा व्याज येत नाही, म्हणून धंद्याचा पैसा चालू खात्यात ठेवणे सोयीचे.

दुसरी, जकात. जकात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. जुनी करपद्धत घेतली असेल आणि रक्कम कलम ८०जी खाली मान्यता असलेल्या संस्थेला दिली असेल, तरच काही सवलत मिळते. त्यातही २ हजारांवरील रोख देणगी चालत नाही. नव्या पद्धतीत ही सवलत नाही.

तिसरी आणि सर्वांत नाजूक, कर्जे हसना. भावाकडून, साडूकडून, शेजारच्या दुकानदाराकडून लाख-दोन लाख रोख घेतले, माल भरला, सहा महिन्यांनी रोख परत केले. व्याज नाही, कागद नाही, नियत साफ. तरीही २० हजार किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेणे आणि रोखीने फेडणे दोन्ही कायद्याला मंजूर नाही. घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. म्हणून देणे-घेणे खात्यातून खात्यात करावे. तसेच एका व्यवहारापोटी एका गिऱ्हाइकाकडून २ लाख किंवा अधिक रोख घेऊ नये. लग्नाच्या फर्निचरची ऑर्डर घेताना हे लक्षात असू द्यावे.

एजंटाच्या हवाली काय करू नये

एजंट किंवा सीए यांची मदत जरूर घ्यावी. पण संकेतस्थळावर मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच असावा. अनेकांच्या नोटिसा एजंटाच्या मोबाइलवर येतात आणि तिथेच विरून जातात. ओटीपी देण्यापूर्वी भरलेला फॉर्म वाचून घ्यावा. “परतावा मिळवून देतो” म्हणून न भरलेला विमा किंवा न दिलेली देणगी कुणी टाकत असेल तर तिथून उठावे. जबाब द्यायची वेळ आली तर तो आपल्यालाच द्यावा लागतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ घेतो. कलमांचे आकडे बदलतात, ‘कर वर्ष’ हा नवा शब्द येतो. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांचे विवरणपत्र मात्र जुन्या कायद्यानेच भरायचे. कायदा कोणताही असो, रोज दुकान बंद करताना वहीत तीन ओळी लिहाव्यात : आज बँकेत किती आले, रोख किती आले, खर्च किती झाला. पाच मिनिटांचे काम आहे. वर्षअखेर कुणी “किती दाखवायचे?” असे विचारले, तर ती वही त्याच्यापुढे ठेवावी आणि म्हणावे, “जे झाले आहे ते यात आहे. तेच लिहा.”