नळपार : पाणवठ्यावरची कला

सार्वजनिक कला म्हटले की चौकातील पुतळा आपल्या डोळ्यांपुढे येतो. विषय पर्यावरणाचा असेल, तर झाडे व वाघ रंगविलेली भिंत. परंतु कलाकृतीने निसर्गाविषयी बोलण्याऐवजी स्वतःच पाणी राखावयास घेतले, तर तिला कला म्हणावे काय? बस्तरातील ‘नळपार’ ह्या उपक्रमाने हा प्रश्न उभा केला आहे.

चित्रकार व शिल्पकार नवजोत अल्ताफ (जन्म १९४९) ह्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. १९९७ च्या सुमारास त्या कोंडागाव येथे जयदेव बघेल यांच्या शिल्पीग्रामात गेल्या आणि राजकुमार कोर्राम, शांतीबाई आदी तेथील शिल्पकारांसमवेत काम करू लागल्या. त्यातून हातपंपांभोवतीची ही बांधकामे आकारास आली.

हातपंपाचे दृश्य आपल्या बिरसा परिसरालाही अपरिचित नाही. भोवती चिखल साचतो. भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना बाईची मान आणि कंबर भरून येते. नळपाराच्या भिंतीत म्हणून घागर मध्येच टेकविण्यासाठी कोनाडे व टप्पे ठेवले. जमिनीवरून टप्प्यावर, टप्प्यावरून चुंबळीवर, असे ओझे दोन हप्त्यांत चढते. सांडलेले पाणी नालीवाटे शोषखड्ड्यात जाऊन भूमीत मुरते. भिंतींवर स्थानिक चिन्हे आहेत. शिवाय पाणवठा ही बायकामुलांच्या भेटीची जागा. ती नीटस झाली, हेही थोडके नव्हे.

जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी १९८२ साली कासेल नगरात ७००० वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला. प्रत्येक वृक्षाशेजारी बसाल्टचा एक दगड उभा केला जाई. १९८६ साली ते निवर्तले. काम १९८७ मध्ये पुरे झाले. तो संकल्प भव्य खराच. मला मात्र नळपार अधिक अवघड वाटतो, कारण त्याची परीक्षा रोज सकाळी घागर घेऊन येणारी बाई करते आणि तिला कलासमीक्षेशी कर्तव्य नसते. बांधकामखात्याचे काम ते हेच, असा आक्षेप कोणी घेईल. खाते ओटा बांधते. घागरीची उंची कोणी विचारात घेतली होती?

‘नळपार’ हा हलबी शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. आपल्याकडे पिंपळाला पार असतो आणि गाव तेथेच बसते.