विंचूदंश : वेदना आणि धोका

विंचू डसला की घरातील सर्वांचे लक्ष रुग्णाच्या ओरडण्याकडे लागते. कळा जितक्या तीव्र, तितके विष जहाल, असा आपला पिढीजात समज आहे. कोकणातील लाल विंचवाविषयीच्या संशोधनाने तो खोटा ठरविला.

हे संशोधन रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात झाले. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. १९८२ मध्ये ती निरीक्षणे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दंशाच्या जागी असह्य कळा, पण बाकी प्रकृती ठीक, असा रुग्ण बहुधा बचावतो. उलट दुखण्याची फारशी तक्रार नसलेला, पण घामाने निथळणारा, वांत्या करणारा, हातपाय गार पडलेला रुग्ण, विशेषतः लहान मूल, काही तासांत दगावू शकतो.

याचे कारण असे, की विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे वेळेवर मिटत नाहीत व ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा रक्तात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. यावर डॉ. बावस्करांनी योजलेले औषध म्हणजे प्राझोसिन, रक्तदाबावरील एक स्वस्त गोळी! गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली असता १० तासांत पूर्ण बरे होणारे रुग्ण ९१ टक्के आढळले; नुसत्या प्राझोसिनने २३ टक्के.

मांत्रिकाकडे विंचू 'उतरतो' तो कसा, असा प्रश्न कोणी विचारील. बहुतेक दंशांत केवळ वेदना असते व ती काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्र नसता तरी ती ओसरलीच असती. श्रेय मात्र मंत्रास मिळते. गार पडलेल्या मुलाच्या बाबतीत हेच तास फुकट जातात.

आपल्याकडे जांभ्याचे गडगे, लाकडांची रास, गवताची कुडी, अंगणातील चपला या विंचवाच्या आवडत्या जागा. दंशानंतर घाम व वांती दिसताच रुग्णास रुग्णालयात आणावे. प्राझोसिन दिल्यावर रुग्णास उठवून बसवू नये, कारण उभ्या स्थितीत रक्तदाब एकाएकी उतरतो. रडणाऱ्या मुलास कडेवर घेण्याचा मोह आईला होणे स्वाभाविक आहे, पण त्यास निजलेलेच ठेवावे.