बिदर परिसरातील गाडीवाटा आणि सायकल

‘सर, सुट्टीत सायकलवरून फिरायला कोठे जावे?’ असा प्रश्न विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात. त्यांच्या मनात बहुधा हैदराबादचा महामार्ग असतो. गुळगुळीत डांबर, भरधाव वेग आणि वाटेत एखादा धाबा. मी त्यांना सांगतो की, डांबर सोडा आणि गाडीवाट धरा. या उत्तराने पुष्कळांचा विरस होतो. म्हणून ते उत्तर जरा सविस्तर मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

आडवाटेने सायकल चालविण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही तरुण जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांनी खाली सुटत. त्यांच्या या खटाटोपातून ‘माउंटन बाइक’ नावाची सायकल जन्मास आली. रुंद व खाचेदार टायर, मजबूत सांगाडा, जोरकस ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर ही तिची वैशिष्ट्ये. आपल्याकडे मात्र या नावाचा गवगवा होण्याच्या कितीतरी आधीपासून दूधवाले, पोस्टमन आणि शाळामास्तर साध्या अठ्ठावीस इंची सायकलीवरून याच प्रकारच्या वाटा तुडवीत आले आहेत. तेव्हा महागडी सायकल नाही म्हणून कोणी अडून राहू नये.

वाट निवडण्यापूर्वी जमीन ओळखावी लागते. बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० फूट उंचीच्या पठाराच्या कडेवर वसले आहे. या पठाराच्या माथ्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा थर आहे आणि त्याखाली दख्खनचा काळा कातळ आहे. जांभ्याला इंग्रजीत ‘लॅटेराइट’ म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. नानक झिरा, पापनाश, नरसिंह झरणी ही आपली प्रसिद्ध पाण्याची ठिकाणे या भूरचनेचीच देणगी होत. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, माथ्यावरची तांबडी वाट पाऊस थांबल्यावर लवकर कोरडी होते. उलट मांजरा आणि कारंजा नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन पाणी धरून ठेवते. तिचा चिखल चाकाला असा चिकटतो की, मडगार्डात भरून चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कन्नडमध्ये या काळ्या मातीला ‘एरे’ म्हणतात. एरेच्या वाटेला पावसाळ्यात जाऊ नये, हे आमच्या भागातील शेतकऱ्याचे पोरही सांगेल.

आता वाटांविषयी. पहिली वाट नवशिक्यांसाठी. जुन्या शहरातून पूर्वेकडे बाहेर पडून पठार उतरले की, प्रथम हजरत खलीलुल्लाह यांची अष्टकोनी चौखंडी लागते आणि थोड्याच अंतरावर अष्टूर येथील बहमनी सुलतानांचे घुमट. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणणाऱ्या अहमदशहा वलीची (कारकीर्द १४२२ ते १४३६) कबर येथेच आहे. त्याला हिंदू व मुसलमान दोघेही मानतात. शेजारी वीज पडून अर्धा कोसळलेला हुमायूनशहाचा घुमट आहे. येथपर्यंत पक्का रस्ता आहे. घुमटांच्या पलीकडे शेतांतून जाणाऱ्या वाटांवर तोल सांभाळण्याचा सराव करावा आणि परतताना पठाराचा चढ हलक्या गिअरवर, बसूनच चढावा. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे.

दुसरी वाट माथ्यावरची. शहरालगतच्या नौबाद येथे बहमनी काळातील ‘करेझ’ आहे. करेझ म्हणजे इराणी पद्धतीचा, जमिनीखालून पाणी वाहून नेणारा बोगदा. त्याच्या मार्गावर ठराविक अंतराने उभी विवरे खोदलेली आहेत. तेथून कमठाण्याच्या दिशेला तांबड्या माळावरच्या वाटा आहेत. पावसाळ्यात उघडीप मिळाली की, याच वाटांनी जावे. मात्र विवरे आणि बिनकठड्याच्या विहिरी यांपासून सावध राहावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. जांभ्याचे बारीक खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस तोंडावर आपटतो. मागचा ब्रेक हळूहळू दाबीत उतरावे.

तिसरी वाट सीमेवरची, आणि माझ्या विशेष आवडीची. रेल्वेने सायकलीसह भालकी किंवा कमलनगर गाठावे व तेथून उदगीरच्या बाजूला काळ्या रानातील गाडीवाटांनी जावे. जानेवारीनंतर ही वाट कठीण व कोरडी होते. दोन्ही बाजूंना ज्वारी, हरभरा आणि तूर उभी असते. कर्नाटक केव्हा संपले आणि महाराष्ट्र केव्हा लागला, हे या वाटेवर कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचा जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले, तर बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे आले. गाडीवाटांनी मात्र ही विभागणी मनावर घेतली नाही. बांधावरचा म्हातारा ‘एल्लिंद बंद्रि?’ असे विचारतो आणि ‘बिदरहून आलो, मामा’ म्हटले की पुढचे सगळे बोलणे मराठीत करतो.

बरोबर काय घ्यावे? पंप, पान्हा, पंक्चरची पट्टी व सोल्युशन, एक जादा ट्यूब, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. कुंपणासाठी बाभळीचे फास गाडीवाटेनेच ओढून नेतात, त्यामुळे काटा हा ठरलेलाच. खडबडीत वाटेवर टायरातील हवा किंचित कमी ठेवावी. पकड सुधारते व धक्केही कमी बसतात. राखीव जंगलात वा चिंचोळीच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. पिकातून सायकल घालू नये. बैलगाडी समोरून आली तर आपण खाली उतरावे. वाट मुळात तिची आहे.

आता ज्या अनुभवामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी माघात मी या सीमेवरच्या वाटेने निघालो होतो. ओळखीच्या वळणावर आलो तो वाटच नाही! कोणीतरी ती नांगरून शेतात घेतली होती आणि तोंडाशी बाभळीचे फास लावले होते. मला काय, मी सायकल उचलून बांधावरून निघून गेलो असतो. पण पलीकडे एक शेतकरी व त्याची पत्नी तुरीची पोती डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती. तो म्हणाला, “सर, गाडी येईना. ऊस लावायचं सोडलो. तोडला तर न्यायचा कुठून?” माझी करमणूक अडली होती, त्यांचा संसार अडला होता.

त्या दिवसापासून मी गावनकाशे पाहू लागलो. या नकाशांत गाडीवाट, म्हणजे कन्नडमधील ‘बंडीदारी’, दुहेरी तुटक रेघेने दाखवितात आणि पायवाट, म्हणजे ‘कालुदारी’, एकेरी तुटक रेघेने. आता ‘दिशांक’ या सरकारी ॲपवर, उभ्या जागी आपण कोणत्या सर्व्हे नंबरात आहोत हेही कळते. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ६७ नुसार सार्वजनिक रस्ते व वाटा सरकारच्या मालकीच्या आहेत. त्या नांगरण्याचा अधिकार कोणालाही नाही. खाजगी शेतातून जाणारी वाट नकाशात नसली तरीही २० वर्षांची उघड, विनाखंड व हक्काने चाललेली वहिवाट असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार मिळू शकतो. पण ती वहिवाट सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी त्या वाटेने जाणारे-येणारे साक्षीदार लागतात.

इंग्लंडचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. तेथील खेड्यांभोवती घोडेस्वारांच्या जुन्या वाटा आहेत. १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे काम तेथील स्थानिक संस्थांवर सोपविले. १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना घोडवाटांवर जाण्याचा हक्क दिला, मात्र पादचारी व घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. पुढे २००० च्या कायद्याने, नकाशात न चढलेल्या जुन्या वाटा नोंदविण्यासाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली. ती नंतर लांबविण्यात आली, पण दरम्यान कित्येक हौशी पादचारी व स्वार जुने दप्तर उकरून विसरलेल्या वाटा शोधू लागले. फिरण्याची हौस आणि वाटेचा हक्क यांची अशी सांगड तेथे पडली आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना हे सहज जमण्यासारखे आहे. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावची एक गाडीवाट सायकलने पुरी करावी, गावनकाशाशी ताडून पाहावी आणि ती कोठून कोठे जाते, कोठे बुजली आहे, तिला मराठीत व कन्नडमध्ये काय म्हणतात, हे वहीत टिपावे. सोबत तारीख घालावी. अशी वही उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.

आरंभ केव्हा करावा? मला विचाराल तर वेळ अमावस्येला. त्या दिवशी आमच्या भागातील घरेच्या घरे भज्जी, उंडे आणि आंबिलीचे मडके घेऊन रानात जातात. एरवी ओस पडलेल्या वाटाही त्या दिवशी वाहत्या असतात. गेल्या वेळ अमावस्येला मी त्या नांगरलेल्या वाटेपाशी पुन्हा गेलो होतो. बाभळीचे फास अजून तेथेच होते. पण त्यांच्या कडेने, बांधाला लागून, माणसांच्या पायांनी एक बारीक पायवाट पडली होती. सायकल हाती धरून मी तिच्यावरून पलीकडे गेलो. तेथे त्याच शेतकऱ्याने मला जेवायला बसविले.